पेरिनाने तोडलेली कण्हेर

पेरिनाच्या अंगणातली कण्हेर बोटीवरूनसुद्धा दिसायची. स्प्लिटहून बेटावर येणारी बोट पोद्लुका गावाच्या धक्क्याकडे वळली की आधी चर्चचा मनोरा, मग बंद पडलेल्या मासळीच्या कारखान्याचं धुराडं आणि त्या दोघांच्या मधे तो गुलाबी फुलोरा. उन्हाळी पाहुणे पायऱ्या चढून वर यायचे, फाटकापाशी थांबून फोटो काढायचे. पेरिना आतून म्हणायची, "काढा, काढा, पण हात लावू नका." हात लावू नका हे ती सगळ्याच बाबतीत म्हणायची.

काळजी करणं हा तिचा पिंडच होता. जन्मभर तिने त्याच कारखान्यात काम केलं. तारली मासे डब्यात भरून आले की सरकत्या पट्ट्याच्या टोकाला उभं राहायचं, प्रत्येक झाकणावर लाकडी दांडी आपटायची आणि आवाज ऐकायचा. फुगलेला, खराब डबा वेगळा काढायचा. घरी आल्यावरही कान तसेच टवकारलेले. नवरा वित्स्को होडी घेऊन समुद्रावर जायचा आणि वाऱ्याने दिशा बदलली की ही गच्चीत. तो परत आला की हसायचा. "अगं, बुडायचं मला, आणि श्वास तुझा कोंडतो!" समुद्राने त्याला काही केलं नाही. एका जानेवारीत दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. इतकी वर्षं तिने पाण्यावर नजर ठेवली आणि माणूस खाटेवरून गेला. तेव्हापासून कुठल्या दिशेला बघायचं हेच तिला कळेनासं झालं.

मग ती झाडांकडे बघू लागली. फाटकापाशी वित्स्कोने लावलेली कण्हेर होतीच. विहिरीवरच्या मांडवावर जांभळ्या झुंबरांची वेल चढली. जिन्यावर बोगनवेल. दोन मोठ्या कुंड्यांत धोत्र्याच्या कुळातलं ते झाड, ज्याची फिकट केशरी फुलं संध्याकाळी तुताऱ्यांसारखी खाली लोंबतात आणि वासाने गल्ली भरून टाकतात. भिंतीच्या कडेला रंगीबेरंगी घाणेरी. झगमगीत, डोळ्यांत भरणारं असेल तेच ती लावायची. घरात एकटं माणूस, निदान बाहेर तरी गर्दी हवी.

त्या वर्षी मेच्या अखेरीस सुनेचा, सिल्वानाचा, फोन आला. मुलगा याक्शा मालवाहू जहाजावर होता, पार ब्राझीलच्या बाजूला. सिल्वाना स्प्लिटला, दुसऱ्यांदा दिवस गेलेले.

"आई, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. बाळंत होईपर्यंत खाट सोडायची नाही. माझ्या आईचं तर तुम्हाला माहीतच आहे, तिला स्वतःलाच धरून न्यावं लागतं. येल्काला तुमच्याकडे पाठवू का?"

"विचारतेस काय? आजच पाठव!" पेरिना म्हणाली. येल्का दोन वर्षांची. तिला तिने तीनदाच पाहिलं होतं.

"जूनच्या शेवटी पाठवते. माझी बहीण आणून सोडेल. फक्त एक आहे आई, जरा लक्ष ठेवावं लागतं. ती हल्ली दिसेल ते तोंडात घालते. परवा बागेतला गुलाब खाल्लान् अख्खा."

फोन ठेवून पेरिना आनंदाने अंगणात आली आणि दारातच थबकली. तिची नजर बरोबर दोन वर्षांच्या पोराच्या उंचीवर गेली. त्या उंचीवर कण्हेरीचे घोस होते. घाणेरीची हिरवी, टपोरी फळं होती. जांभळ्या वेलीच्या मऊ शेंगा होत्या, अगदी खेळण्यासारख्या. तुताऱ्या तर जमिनीलाच टेकत होत्या.

कण्हेर विषारी हे तिला ठाऊक होतंच, ते कुणाला ठाऊक नसतं? पण बाकीच्यांचं काय? दुसऱ्या दिवशी ती औषधांच्या दुकानात गेली. तिथली मुलगी भली होती. संगणकावर एकेक नाव घालून सांगू लागली.

"जांभळी झुंबरं? शेंगा आणि बिया विषारी."

"घाणेरी?"

"कच्ची फळं विषारी."

"आणि त्या केशरी तुताऱ्या?"

मुलीने पडद्यावरचं वाचलं आणि पेरिनाकडे बघितलं. "मावशी, तुमच्या घरी नक्की येणार कोण आहे?"

पेरिना भिंतीला धरून धरून घरी आली. शेजारीण कातिना भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होती. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आलेल्या. एकमेकींशिवाय करमायचं नाही आणि पटायचंही नाही.

"तोडून टाकणार मी सगळं," पेरिना म्हणाली.

"काय तोडणार?"

"कण्हेर. वेल. सगळं."

"डोकंबिकं फिरलं का तुझं? याक्शा काय चंद्रावर वाढला? याच अंगणात रांगला ना तो?"

"तेव्हा सासूबाई होत्या. त्या दिवसभर त्याच्यामागे काठी घेऊन. आता मी एकटी. गुडघा असा. मी भाजी परतायला वळले आणि तेवढ्यात पोरीने एक पान..."

"पान कडू असतं. थुंकेल."

"आणि नाही थुंकली तर?"

यावर कातिनाने ओला टॉवेल झटकला. "तुला ना, स्वर्गात गेलीस तरी ढगावरून घसरायची भीती वाटेल."

पण पेरिनाचं ठरलं होतं. फक्त ओसाड, सिमेंटच्या भिंतींच्या अंगणात पोरीला आणायचं तिच्या जिवावर आलं. आई सोडून येणारं लेकरू. त्याला काहीतरी सुंदर दिसायला नको? सकाळची बोट धरून ती स्प्लिटच्या बाहेरच्या रोपवाटिकेत गेली. बारिशा नावाचा मालक तिला ओळखत होता. घाणेरी त्यानेच दिलेली.

"या बाई! यंदा काय दाखवू? ही केशरी कर्ण्यांची वेल बघा, वर्षात भिंत झाकते."

"चीक आहे का तिला?"

"थोडा असतो."

"अंगावर पुरळ येतं?"

"एखाद्याला येतं."

"नको. ती निळी?"

"ही गारवेल. पहाटे उमलते, काय निळी दिसते..."

"बिया?"

बारिशाने डोकं खाजवलं. "बिया खाऊ नयेत म्हणतात. पण बाई, बिया खातं कोण?"

"आहे एक," पेरिना म्हणाली.

असं करत ती अख्ख्या वाटिकेत फिरली. एकीला बिया, दुसरीला काटे, तिसरीवर मधमाश्या. आवडलेल्या झाडापाशी तिचा हात जायचा आणि चटका बसल्यासारखा मागे यायचा. बारिशा शेवटी टेकीला आला. "प्लास्टिकची फुलं घ्या ना! तो कोपऱ्यावरचा चिनी दुकानदार विकतो."

"तीही चावली तर घशात अडकतात," ती इतक्या गंभीरपणे म्हणाली की तो हसायचाच विसरला. खुर्ची ओढून त्याने तिला बसवलं, पाणी दिलं आणि मग खरंच डोकं लावलं. भिंतीसाठी बिनकाट्याचा पिवळा वेलगुलाब. फुलं वसंतातच येतात, यंदा नुसती पानं, पण काटा एकही नाही. मांडवासाठी जाई. कुंड्यांत लाल जास्वंद, टप्पोरी, दिवसाला पाच-पाच फुलणारी. "आणि ही नारिंगी, गोल पानांची. हिची पानं-फुलं माणसं कोशिंबिरीत घालतात. खाल्ली तर खाल्ली!" बोगनवेल राहू द्या, म्हणाला, तिच्यात विष नाही, काटे खालचे छाटा आणि फांद्या वर बांधा.

पेरिनाने प्रत्येक रोपाबद्दल तोच प्रश्न पुन्हा दोनदा विचारला. बोटीवरही ती रोपांना मांडीशी धरून बसली होती, त्यांच्याकडे संशयाने बघत.

आधी तुताऱ्या गेल्या, मग घाणेरी, मग जांभळी वेल. कण्हेर तिने शेवटी ठेवली. याक्शा जन्मला त्या आठवड्यात वित्स्कोने ती लावली होती; पोरगं आधी उंच होतं की झाड, बघू म्हणाला होता. संत इव्हानच्या सणाआधीच्या शनिवारी तिने हातमोजे चढवले, तोंडाला रुमाल बांधला आणि करवत लावली. पांढरा चीक गळत होता. झाड भर फुलात होतं. कातिनाचा नवरा फ्राने कुरकुरत आला आणि त्याने मूळ खणून काढलं. "वित्स्को वरून बघत असेल," तो म्हणाला. त्यानंतर पेरिनाने वर बघायचं टाळलं.

फांद्यांचा ढीग फाटकाबाहेर, गल्लीच्या कडेला रचला. नगरपालिकेची गाडी सोमवारी येणार होती. रविवारी ती प्रार्थनेहून परत आली तेव्हा ढीग जागेवर नव्हता.

पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. दुसऱ्याच क्षणी मनात आलं, कुणी नेला? कशाला नेला? वरच्या गल्लीत शेळ्या होत्या. ती गुडघा धरत वर चढली. शेळ्यांची मालकीण म्हणाली, आमच्याकडे काही नाही आलं. सरळ काठ्या होत्या, कुणी घेवड्याला आधार द्यायला नेल्या असतील? कुणी मासे भाजायला सळ्या करायला? ती दारोदार विचारत सुटली आणि दारोदार माणसं हसली. "कचरा हरवला? तक्रार दे पोलिसांत!"

कातिना कमरेवर हात ठेवून फाटकात उभी होती. "अगं, तुला नको होती ना ती? गेली. आता रडतेस कशाला?"

"माझ्या घरातलं विष काढलं मी, आणि गावात सोडलं गं!"

तेवढ्यात तिची नजर पायऱ्यांवर गेली. पायरीवर एक गुलाबी फूल पडलं होतं. त्याच्या खालच्या पायरीवर दोन. मग थोडा चुरगळलेला पाला. ती फुलांमागून उतरत गेली, खाटकाच्या दुकानावरून, चर्चच्या मागून, आणि धक्क्यावर येऊन उभी राहिली.

समोर होळी रचलेली होती. संत इव्हानच्या आदल्या संध्याकाळी दर वर्षी रचतात तशीच, माणसापेक्षा उंच. फळांची जुनी खोकी, द्राक्षवेलींच्या काटक्या, एक मोडकी खाट, आणि मधल्या थरातून सगळीकडून डोकावणारी तिची कण्हेर. गावातल्या पोरांनी ढकलगाडीतून आणली होती. ऊन उतरायला लागलं होतं. बाया बाकांवर बसल्या होत्या. अंधार पडता पडता पेटवायचं, फादर श्पिरोंनी आशीर्वाद द्यायचा, पोरांनी आगीवरून उड्या मारायच्या आणि मग निखाऱ्यांवर तारली भाजायची. मीठ लावलेल्या माशांच्या पाट्या भिंतीच्या सावलीत तयार होत्या.

सगळी व्यवस्था प्रोश्पेरकडे असायची. प्रोश्पेर मच्छीमार, आवाज भोंग्यासारखा, आणि गावच्या आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचा म्होरक्या.

"प्रोश्पेर, हे पेटवू नकोस. आत कण्हेर आहे."

"मग?"

"धूर विषारी असतो तिचा. निखारेसुद्धा. त्यावर तुम्ही मासे भाजणार!"

"मावशी, विष असतं तर निम्मं गाव केव्हाच मेलं असतं. सगळ्यांच्या दारात आहे कण्हेर."

"दारात असू दे. चुलीत नको."

माणसं जमू लागली. कुणीतरी म्हणालं, "वित्स्कोने लावली तेव्हा नाही बोललीस ते?" कुणी म्हणालं, "एकटं राहून होतं असं." जन्मात पेरिना चार माणसांसमोर मोठ्याने बोलली नव्हती. तिने ढिगातली एक फांदी ओढून बघितली, निघेना. अख्खी रचना तिच्यावर होती. प्रोश्पेरच्या हातात काडेपेटी होती. तो पेटवणार होता अशातला भाग नाही, वेळ व्हायची होती. पण तिला ती काडेपेटीच दिसत होती. मग ती वळली आणि त्या ढिगावर चढून बसली. मोडक्या खाटेच्या कडेवर, चांगल्या झग्यानिशी.

पोरं टाळ्या पिटायला लागली.

"मावशी, खाली उतर."

"नाही उतरत."

"पडशील! गुडघा मोडेल!"

"मोडू दे."

"अगं, सण आहे! हे सगळं उचकटून परत रचायचं म्हणजे..."

"मग माझ्यासकट पेटव," पेरिना म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

फादर श्पिरोंना बोलावलं. ते आले, वर बघितलं, घाम पुसला. "बाई वर बसलेली असताना मी आशीर्वाद कसला देऊ?" एवढंच म्हणाले आणि बाकावर बसले. कण्हेरीबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं आणि तसं त्यांनी कबूलही केलं. एक म्हातारा म्हणाला, त्याच्या आजाने कण्हेरीची काटकी चुलीत घातली होती आणि तो नव्वद वर्षं जगला. दुसरा म्हणाला, जगला, पण वेडा होता. यावरून त्या दोघांचंच जुंपलं.

शेवटी कातिना गर्दीतून पुढे आली. पेरिनाला वाटलं, आता ही सगळ्यांत मोठ्याने हसणार. कातिनाने बाह्या वर सारल्या.

"प्रोश्पेर, काढा त्या फांद्या."

"कातिना, तूसुद्धा?"

"माझी तीन नातवंडं उड्या मारणार आहेत त्या धुरातून. ही खुळी आहे, मला ठाऊक आहे. पण हिची काळजी म्हणजे खरूज. शेजाऱ्याला लागतेच. आता माझ्या डोक्यात भरलंय, मला घास जाणार नाही. काढा म्हणते ना!"

तिने स्वतःच एक खोकं खाली ओढलं. मग फ्राने आला. मग आणखी एक-दोन बाया. त्यांच्याही नातवंडांनी उड्या मारायच्या होत्याच. प्रोश्पेरने समुद्राला ऐकू जाईल अशी एक शिवी हासडली आणि अग्निशामक पोरांना हाक मारली. त्यांचे जाडे हातमोजे कामी आले. पेरिना खाली उतरली आणि एकेक काटकी तपासू लागली. पान बघायची, साल बघायची, हुंगायची. "ही नाही. ही नाही. ही! ही बाजूला ठेवा." लोक वैतागले. मासे खराब होतील म्हणून प्रोश्पेरने ते आपल्या घरच्या शेगडीवर भाजायला पाठवले. उरलेली होळी जेमतेम कमरेएवढी झाली. पोरं म्हणाली, ही तर मांजरसुद्धा ओलांडेल.

कुणी तिचे आभार मानले नाहीत. ती होळीला थांबलीही नाही.

सकाळी उठली तर दोन्ही हातांवर लाल पुरळ. छातीत धडधड. आपल्याला विष चढलं याबद्दल तिच्या मनात शंका उरली नाही. आणि आज दुपारच्या बोटीने पोर येणार! ती दवाखान्यात गेली. परिचारिकेने नाडी बघितली, छातीला नळी लावली. "मावशी, हात चिकाने उतले आहेत, मलम देते. हृदय घोड्यासारखं आहे तुझं. फक्त फार पळतं."

येल्का बोटीवरून मावशीच्या कडेवर उतरली आणि आजीला बघून तिने टाहो फोडला. आठवडाभर ती संध्याकाळ झाली की फाटकाला धरून आईला हाका मारायची. फुलांकडे तर पोरीने ढुंकूनही बघितलं नाही. तिला आवडला तो पाण्याचा नळ आणि कातिनाची मांजर. हळूहळू ती रुळली. भाकरीचा तुकडा ऑलिव्हच्या तेलात बुडवून आजीला भरवू लागली. गावात पेरिनाला कुणी कॉफी दिली की वर म्हणायचं, "पी, विष नाहीये त्यात," आणि पेरिना हसल्यासारखं करून प्यायची.

जुलैमधली गोष्ट. ती पालेभाजी आणि बटाटे उकडायला ठेवून वळली, तर अंगणात येल्का पाठमोरी बसलेली. गाल हलत होते. पेरिनाने धावत जाऊन तिला फिरवलं. ओठ लाल, हनुवटीवरून लाल ओघळ, मुठीत काहीतरी चुरगळलेलं.

"थूक! येल्का, थूक!"

येल्काने गिळलं.

पेरिना तिथेच फरशीवर बसली. दवाखाना, बोट, हेलिकॉप्टर, सिल्वानाला काय सांगू, सगळं एका झटक्यात डोक्यातून गेलं. तिने पोरीची मूठ उघडली. जास्वंद. तिने पुन्हा बघितलं, उलटून बघितलं. जास्वंदच. मग तिने मान वर करून भिंतीकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं, एकेका झाडावर नजर फिरवली, बारिशाचा शब्द न् शब्द आठवत. या अंगणात पोरीला मारील असं काही नव्हतं. हे तिला महिनाभर माहीत होतं, पण पटलं ते आत्ता.

"आजी, आं," येल्का म्हणाली आणि उरलेली पाकळी तिच्या तोंडाशी धरली.

पेरिनाने ती खाल्ली. बुळबुळीत होती, थोडी आंबट. दोघी तशाच बसून राहिल्या. आत भाजी करपली.

सप्टेंबरमध्ये सिल्वानाला मुलगा झाला, दोघं सुखरूप. याक्शाही घरी आला आणि येल्काला न्यायला बेटावर उतरला. फाटकापाशी तो बराच वेळ उभा राहिला. कण्हेर नसलेली ती जागा बघत. पेरिनाने सगळं सांगायला सुरुवात केली, फोन, औषधांचं दुकान, होळी. त्याने मधेच तिच्या खांद्यावर हात टाकला.

"आई, बाबांनी ती तिथे लावताना तुला विचारलं होतं का?"

"नाही."

"मग झालं तर. तू तरी कुणाला कशाला विचारायचं?"

बोट सुटली तेव्हा येल्का रडली नाही, रडली पेरिना. घरी येऊन तिने नळी लावली आणि भिंतीवरच्या वेलगुलाबाला पाणी घातलं. नुसती पानंच होती. भिंतीपलीकडून कातिनाने विचारलं, "काय गं, आता कशाची काळजी?"

"बोट पोचेपर्यंत थांब," पेरिना म्हणाली, "मग सांगते."